चालीचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ पाहूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. राष्ट्रगीताच्या चालीलाही हाच नियम लावावा असें वाटण्याजोगी स्थिति जगांत ठिकठिकाणीं आढळते. ज्या सुरांना उभें राहून मान द्यावयाचा, ते सूर राष्ट्राच्या आत्म्यांतूनच उमटले असले पाहिजेत, अशी सामान्य नागरिकाची श्रद्धा असते. परंतु संगीताचा इतिहास चाळूं लागावें, तों कोणाची चाल पानगोष्ठींतून आलेली, कोणाची नाटकांतून, कोणाची विहिरीच्या लोकगीतांतून, तर कोणाची प्रत्यक्ष शत्रूच्या तोंडून आलेली दिसते. हें पाहून कोणी हसतात, कोणी चिडतात. आम्हांस या दोन्ही वृत्ति अपुऱ्या वाटतात. कूळ शोधून चालीची अब्रू ठरवितां येत नाहीं हें खरें. पण कूळ मुळींच पाहूं नये, हें मात्र खरें नव्हे. चालीचें कूळ तिच्या अब्रूंत उरत नसलें तरी तिच्या घडणींत उरतें, आणि ती घडण लोकांच्या गळ्याला पिढ्यान्‌पिढ्या वागवावी लागते.

अमेरिकेचें उदाहरण प्रथम घेऊं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनमध्यें हौशी गायक-वादकांची एक मंडळी होती. मद्य आणि प्रणय यांचीं गीतें गाणाऱ्या अनाक्रेऑन या प्राचीन ग्रीक कवीचें नांव तिनें घेतलें होतें. आधीं वाद्यसंगीत, मग जेवण आणि मग गाणीं, असा बैठकीचा क्रम असे. या मंडळीचें जें ठरीव गाणें, त्याची चाल जॉन स्टॅफर्ड स्मिथ या संगीतज्ञानें बांधली. चाल समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेली व तेथें तिच्यावर नवनवीं गाणीं रचलीं गेलीं. पुढें १८१४ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडशींच चाललेल्या युद्धांत, बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर तोफांचा मारा झाला. सकाळीं किल्ल्यावर आपलें निशाण अजून फडकत आहे हें पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलानें कविता रचली, ती याच इंग्रजी चालीवर बसणारी. शत्रूच्या राजधानींतील पानगोष्ठीचे सूर अशा रीतीनें शत्रूला दाद न दिल्याचें गीत झाले, आणि १९३१ सालीं कायद्यानें ते राष्ट्राचे झाले.

या कुळाबद्दल अमेरिकनांना कोणीं हिणवावें असें त्यांत कांहींच नाहीं. टीका करावयाची ती निराळ्या ठिकाणीं. एकट्या तयारीच्या गायकानें म्हणावें आणि इतरांनीं शेवटीं साथ द्यावी, अशा बैठकीसाठीं ही चाल बांधलेली आहे. तिचा पल्ला दीड सप्तकाचा. खालच्या पट्टींत सुरुवात केली तर आरंभींचे सूर घशांत बुडतात. वरच्या पट्टींत केली तर पुढचे सूर किंकाळीसारखे निघतात. बैठकींत जी उंची गायकाला वाहवा मिळवून देत असे, तीच उंची राष्ट्राच्या सभेंत लोकांना गप्प करते, आणि मग नागरिकांनीं गाण्याचें गीत नागरिकांनीं ऐकण्याचें होऊन बसतें. कुळाची खूण राहिली आहे ती येथें.

याच्या उलट इंग्लंडच्या राजगीताची चाल पाहावी. तिचा कर्ता कोण, याचा निर्णय झालेला नाहीं. १७४५ सालीं स्टुअर्ट घराण्याच्या पक्षपात्यांनीं बंड केलें, त्या धामधुमींत लंडनच्या नाटकगृहांत खेळ संपल्यावर तें गीत म्हटलें गेलें आणि प्रेक्षकांनीं तें उचलून धरलें. चाल एका सप्तकाच्या आंतच फिरते, लांब उड्या घेत नाहीं. प्रेक्षागृहांतील कोणालाही ती पहिल्या वेळींच म्हणतां यावी. या सोपेपणामुळेंच ती एका देशांत राहिली नाहीं. प्रशियानें व पुढें जर्मन साम्राज्यानें तीच उचलली. रशियांत १८३३ पर्यंत तीच राजगीत होती. स्वित्झर्लंडनें ती १९६१ पर्यंत वापरली. आणि लिक्टेनश्टाईन हें चिमुकलें राज्य आजही आपलें गीत त्याच चालीवर म्हणतें. पहिल्या महायुद्धांत समोरासमोरच्या खंदकांत बसलेले इंग्रज आणि जर्मन सैनिक आपापल्या राजाचें गीत गात होते, तें एकाच चालींत. चालीला राष्ट्र नसतें, या विधानाला याहून कठोर पुरावा मिळणें कठीण.

कूळ बदलत नाहीं, पण चालीचा संसार किती बदलतो, हें हायडन् याच्या रचनेवरून दिसतें. लंडनच्या वास्तव्यांत हायडननें इंग्रजांचें राजगीत ऐकलें होतें, आणि आपल्या सम्राटालाही असें गीत असावें ही इच्छा त्याच्या मनांत होती. नेपोलियनच्या स्वाऱ्यांनीं ऑस्ट्रिया हादरत असतां, १७९७ च्या फेब्रुवारींत सम्राट् फ्रान्झ याच्या वाढदिवशीं हायडनची चाल प्रथम गायिली गेली. पुढें हायडननें तीच चार तंतुवाद्यांच्या एका रचनेंत घेतली. तेथें चाल एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते. भोंवतालचे सूर बदलतात, पण चालीला कोणी धक्का लावीत नाहीं. अशा भक्तिभावानें स्वतःच्याच चालीकडे पाहणारा रचनाकार विरळाच. १८४१ सालीं होफमान फॉन फालर्सलेबेन या कवीनें तिच्यावर जर्मनांच्या ऐक्याचें गीत लिहिलें, आणि तें लिहितांना तो ज्या हेलिगोलंड बेटावर होता, तें त्या वेळीं इंग्रजांच्या ताब्यांत होतें! १९२२ सालीं तें जर्मन प्रजासत्ताकाचें राष्ट्रगीत झालें. हिटलरच्या राजवटीनें त्याच्या पहिल्या कडव्याला काळिमा फांसला. आणि १९५२ पासून पश्चिम जर्मनीनें अधिकृत प्रसंगीं फक्त तिसरें कडवें गाण्याचें ठरविलें. लोकांनीं शब्द गाळले, चाल ठेवली. सम्राटाची चाल सम्राट् गेल्यावर प्रजेची झाली. डाग पडला तो शब्दांवर. सूर धुवून निघाले.

शत्रूकडून चाल घेण्यांत डच लोकांनीं अमेरिकनांवरही ताण केली आहे. १५६८ सालीं फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांनीं शार्त्र शहराला वेढा घातला. तो फसला, तेव्हां कॅथॉलिक सैनिकांनीं त्यांची टर उडविणारें गाणें केलें. थोड्याच वर्षांत स्पेनच्या कॅथॉलिक राजाविरुद्ध उठलेल्या डच बंडखोरांनीं आपला नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्या गौरवाचें गीत त्याच चालीवर रचलें. एका पंथाच्या फजितीचे सूर त्याच पंथाच्या स्वातंत्र्याचे सूर झाले. सतराव्या शतकांत छापलेल्या संग्रहापर्यंत येतां येतां चालीची लयही गंभीर झाली होती. १९३२ पासून तेंच नेदरलंड्‌सचें अधिकृत राष्ट्रगीत आहे. लय बदलली कीं टवाळीचें स्तोत्र होतें, हें आपल्या कीर्तनकारांना कोणीं सांगावयास नको.

चेक लोकांचें गीत तर नाटकांतलें. १८३४ च्या डिसेंबरांत प्राग शहरांत टिल या नाटककाराचें एक विनोदी नाटक रंगभूमीवर आलें. त्यांत एक आंधळा फिडलवाला, माझें घर कोठें आहे, अशा अर्थाचें पद म्हणतो. फ्रांटिशेक श्क्रोउप यानें त्याला चाल दिली होती. नाटक मागें पडलें, पद घरोघर गेलें. १९१८ सालीं चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, तेव्हां या पदाला स्लोव्हाकांचें एक गीत जोडून दोहोंचें मिळून राष्ट्रगीत केलें गेलें. स्लोव्हाकांच्या गीताची चाल होती विहीर खणण्याविषयींच्या एका लोकगीताची. १९९३ सालीं देश दुभंगला आणि गीतही जोडावरच दुभंगलें. ज्याचें पद त्याच्याकडे गेलें. या दोन्ही चालींत तोफांचा गडगडाट नाहीं. परवशतेच्या काळांत ज्या लोकांना आपलें घर शोधावें लागलें, त्यांना आंधळ्या वादकाचें पदच आपलें वाटलें यांत नवल नाहीं.

मराठी वाचकाला तरी या प्रवासाचें आश्चर्य वाटूं नये. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश उघड छापलेला असे. तो छापण्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे. आपल्या शेजारचें उदाहरण याहून बोलकें आहे. वंगभंगाच्या वेळीं, १९०५ सालीं, रवींद्रनाथांनीं 'आमार सोनार बांगला' लिहिलें, तें गगन हरकरा या बाउल गायकाच्या गाण्याच्या चालीवर. हा गगन शिलाइदहच्या परिसरांत टपाल पोंचविणारा माणूस. ज्याच्या खांद्यावर पत्रांची थैली, त्याच्या सुरांवर आज बांगलादेशाचें राष्ट्रगीत उभें आहे. त्या चालींत दरबार नाहीं, पलटण नाहीं. वाट चालणाऱ्या माणसाचा श्वास आहे, आणि म्हणूनच ती शेतांतही म्हणतां येते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आतांपर्यंतच्या उदाहरणांत चाल कायम आणि शब्द बदलते होते. 'वंदे मातरम्'चें नेमकें उलट झालें. शब्द बंकिमचंद्रांचे आणि कायम. चाली मात्र अनेक. १८९६ च्या काँग्रेसमध्यें रवींद्रनाथांनीं तें गायिलें तें एका चालीवर. पुढें विष्णु दिगंबर पलुस्करांनीं काँग्रेसच्या अधिवेशनांत गायिलें तें आपल्या स्वतंत्र चालीवर. ऑगस्ट १९४८ मध्यें पंडित नेहरूंनीं घटना समितींत सांगितलें, कीं राष्ट्रगीताची चाल वाद्यवृंदाला व बँडला पेलणारी हवी, आणि 'जन गण मन' ही कसोटी अधिक चांगली उतरते. आदल्या वर्षीं न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या प्रसंगीं वाद्यवृंदानें तें वाजविलें होतें, हा अनुभव त्यांच्या पाठीशीं होता. आपले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं हें आव्हान स्वीकारून 'वंदे मातरम्' झिंझोटींत, बँडवरही वाजेल असें बांधलें आणि दिल्लीस जाऊन सभासदांना तें ऐकविलें. बँडवर वाजणार नाहीं हा आक्षेप त्यांनीं आपल्या परीनें खोडून काढला. तरीही २४ जानेवारी १९५० रोजीं 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलें आणि 'वंदे मातरम्'ला समान मानाचें स्थान मिळालें.

निर्णयाला राजकीय कारणेंही होतीं. तीं या लेखाच्या कक्षेंतलीं नव्हेत. संगीताच्या दृष्टीनें मात्र आम्हांस असें वाटतें, कीं बँडची कसोटी ही खरी कसोटी नव्हे. बँडला पगारी वादक असतात, ते काय वाटेल तें वाजवितील. खरी कसोटी ही, कीं ज्यानें गाणें कधीं शिकलेलें नाहीं त्याला हजारांच्या समुदायांत चुकण्याची भीति न बाळगतां तोंड उघडतां येतें कीं नाहीं. 'वंदे मातरम्' थोर गायकांच्या हातीं वाढलें; प्रत्येकानें त्याला आपली चाल दिली, आणि त्या वैभवामुळेंच सर्वांची अशी एक चाल त्याला मिळण्यास उशीर झाला. 'जन गण मन' १९११ मध्यें काँग्रेसमध्यें गायिलें गेलें व लगेच ब्राह्मसमाजाच्या पत्रिकेंत ब्रह्मसंगीत म्हणून छापलें गेलें. एकत्र बसून प्रार्थना म्हणणाऱ्या मंडळींची ती परंपरा. पावलापावलानें चढणारी, एकेका सुरावर अनेक अक्षरें उच्चारूं देणारी अशी त्याची चाल आहे, आणि अवघ्या ५२ सेकंदांत पहिलीच्या वर्गांतील मूलही ती पुरी करतें. येथेंही कूळ घडणींत उतरलें आहे, आणि तें आपल्या फायद्याचें ठरलें.

म्हणून अमुक देशाचें राष्ट्रगीत उसनें, अमुक देशाचें अस्सल, हा वाद आम्ही निरर्थक मानतों. ज्या सुरांत लोकांनीं आपलें दुःख व आशा ओतल्या, ते सूर त्यांचे झाले. तेथें मूळ मालकानें हक्क सांगूं नये आणि घेणाऱ्यानें लाजूं नये. विचारावयाचा प्रश्न एकच, कीं ही चाल लोकांना गाऊं देते कीं नुसती ऐकावयास लावते? आज आपल्या समारंभांतून ध्वनिमुद्रिका लावून मुकाट्यानें उभें राहण्याची चाल रूढ होत आहे. सोपी, सर्वांच्या गळ्याला झेपणारी चाल सुदैवानें हातीं असतां आपण ती यंत्राच्या स्वाधीन करावी, यापरता संगीताचा अपव्यय तो कोणता? नदीचें मूळ न पाहिलें तरी चालेल. पण तिचें पाणी मात्र ज्याचें त्यानें ओंजळीनें प्यालें पाहिजे.