गाड्या बोलतील, पण कोण कधी?

“गाड्या एकमेकींशी रेडिओने बोलतील आणि अपघात टळतील,” हे वाक्य विज्ञानलेखांत आम्हाला वारंवार भेटते. ते खोटे नाही, अर्धे आहे. पुढे वर्गाची उपमा येते: दुसरा बोलत असेल तर आपण थांबायचे. ही उपमा दोनपैकी एकाच पद्धतीला लागू पडते.

ती पद्धत म्हणजे २०१० साली आलेले ८०२.११पी हे मानक. गाडी आधी कान देते. वाहिनी काही मायक्रोसेकंद शांत वाटली तरच संदेश सोडते. २०१७ च्या एलटीई-व्ही२एक्सची रीत निराळी. तिच्यात वेळेचे १ मिलिसेकंदाचे तुकडे असतात. मागच्या एका सेकंदाचा कानोसा घेऊन गाडी आपली पाळी ठरवते आणि ५ ते १५ संदेश त्याच पाळीने पाठवते. ऐन बोलण्याच्या क्षणी ती ऐकत नाही!

दोघी एकाच वाहिनीवर आल्या तर? पहिली थांबत राहते, दुसरी थांबत नाही. पण पहिली कधी बोलेल याचा नेम नसल्याने दुसरीचाही हिशोब चुकतो. तेव्हा नुसत्या सभ्यपणाने भागेल, हे आम्हाला पटत नाही. वाहिन्या तरी वेगळ्या हव्यात, नाहीतर वेळेची वाटणी तरी आधी ठरायला हवी. अमेरिकेने २०२० साली दुसरीची निवड केली. म्हणजे एकत्र नांदण्याचा प्रश्न सोडवला नाही, टाळला. युरोपात २०१९ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये पहिली होती.

या पद्धतींची तुलना बहुधा सरळ, मोकळा महामार्ग धरून केली जाते. आपण शहापूरपुढचा कसारा घाट किंवा मुरबाडहून चढणारा माळशेज घेऊ. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर; कातळाला वळसा घालणे त्यांना फारसे जमत नाही. चढणारी एस.टी. आणि उतरणारा ट्रक एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघांना वाहिनी रिकामी वाटते, दोघे बोलतात, आणि वळणावरच्या जीपला दोन्ही संदेश कळत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत दोघांची पाळी एकच निघाली, तर सेकंदाला १० संदेशांच्या हिशोबाने ही टक्कर अर्धा ते दीड सेकंद चालते. ताशी ४० किलोमीटरने जाणारा ट्रक तेवढ्यात सुमारे ६ ते १७ मीटर पुढे येतो.

वर्गाची उपमा टाकून देऊ नका, पुरी करा. निम्म्या मुलांना शांतता झाली की बोलू द्या, उरलेल्यांना घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला, कोणी बोलत असले तरी. मधल्या मुलाने ऐकू आलेले शब्द फळ्यावर लिहावेत. मग दोघांना दाराच्या दोन बाजूंना, व्हरांड्यात उभे करा आणि पुन्हा मोजा.