रोबो धुवेल, पण निवडणार कोण?

‘अँटिबॉडी निवडायचं काम आता रोबो करतो’ असं वाचलं की मी आधी विचारते, नेमकं कोणतं काम?

थोडी पार्श्वभूमी. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी फेज डिस्प्ले मांडलं. फेज म्हणजे जीवाणूंना बाधणारा विषाणू. त्याच्या अंगावर हवं ते प्रथिन बसवायचं आणि त्या प्रथिनाचं जनुक त्याच्याच पोटात ठेवायचं. ग्रेग विंटर यांनी ही पद्धत अँटिबॉडीसाठी वापरली. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांचा. संधिवातावरचं अडॅलिमुमॅब याच वाटेने आलं.

कृती अशी: शंभर कोटींहून जास्त वेगवेगळे फेज लक्ष्य-प्रथिनासोबत ठेवायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, उरलेले सोडवून ई. कोलायमध्ये वाढवायचे. अशा तीन-चार फेऱ्या. लक्ष्य चुंबकीय मण्यांवर बसवलं की हे धुणं यंत्र करतं, ९६ खणांत एकदम आणि सगळीकडे सारखं. हा फायदा खरा आहे. हाताने धुणाऱ्याची मान विचारा!

पण माझा अनुभव ऐका. यंत्रावर तीन फेऱ्या केल्या, एलायझाची प्लेट पिवळीधमक! आनंदाने मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, “नुसत्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या खणांत काय आलं?” ते खण मी ठेवलेच नव्हते. ठेवून पाहिले, तर तेही पिवळे. माझे बहुतेक फेज लक्ष्याला नाही, तर लक्ष्य मण्यांवर धरून ठेवणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनला चिकटले होते. यंत्राची काहीच चूक नव्हती. सांगितलं तेवढं त्याने चोख केलं.

आधी नुसत्या मण्यांवर फेज सोडून नको ते काढून टाकायचे का? दर फेरीत लक्ष्य किती कमी करायचं? चिकटण्यात नाही, नुसतं भराभर वाढण्यात पटाईत असलेले फेज कसे ओळखायचे? निवड खरं तर इथे होते, आणि हे सगळं यंत्र सुरू करण्याआधी माणसाने ठरवायचं असतं. ते चुकलं तर रोबो तीच चूक ९६ खणांत इमानेइतबारे करतो.

म्हणून ऑटोमेशनचा पेपर वाचताना ‘दिवसाला किती नमुने’ या आकड्यावर थांबू नका. लक्ष्य नसलेले खण ठेवले होते का, आणि शेवटी हाती आलेल्या अँटिबॉडी खरंच वेगवेगळ्या होत्या की एकीच्याच शंभर प्रती, हे आधी शोधा. मी आता तेच करते. प्लेट कितीही पिवळी दिसली तरी फोटो नंतर.