‘क्वीन अँड स्लिम’ : चित्र उरते, माणूस हरवतो

ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कलाकृती तेव्हापासून आपल्याला परकी वाटत नाही. म्हणूनच मेलिना मत्सुकास दिग्दर्शित ‘क्वीन अँड स्लिम’ (२०१९) या चित्रपटाविषयी भीडभाड न ठेवता बोलले पाहिजे.

ओहायोतील एक वकील तरुणी आणि दुकानात नोकरी करणारा एक तरुण पहिल्याच भेटीनंतर मोटारीने परतत असतात. गोरा पोलीस क्षुल्लक कारणावरून गाडी अडवतो, तरुणीच्या पायावर गोळी झाडतो आणि झटापटीत तरुणाच्या हातून मारला जातो. न्यायालयात आपल्याला न्याय नाही, हे वकील असलेल्या तिला पक्के ठाऊक आहे. न्यू ऑर्लिन्समार्गे फ्लोरिडा आणि तिथून क्युबा गाठायचा, असे पलायन सुरू होते.

हा आरंभ अस्सल आहे. सत्तेपुढे माणसाचा आवाज आपोआप कसा अदबशीर होतो, हे डॅनिअल कलूयाने विलक्षण संयमाने दाखवले आहे. जोडी टर्नर-स्मिथच्या चेहऱ्यावरचा ताठरपणा हळूहळू विरघळतो, तोही तितकाच खरा.

पुढे मात्र कथा विरळ होत जाते. देशभर शोध चालू असता हे दोघे नाचघरात रमतात, गाडीपाशी उभे राहून छायाचित्र काढून घेतात. पोलीस येतात ते पटकथेच्या सोयीने. संगीताच्या चित्रफितींत नाव मिळवलेल्या दिग्दर्शिकेची प्रत्येक चौकट देखणी आहे. पण एका प्रसंगातून दुसरा का निपजतो, याचे उत्तर नाही. त्यांचे छायाचित्र काढणारा पोरगा निदर्शनात एका कृष्णवर्णीय पोलिसावर गोळी झाडतो आणि स्वतः मरतो. हा प्रसंग नायक-नायिकेच्या प्रणयात गुंफला आहे. त्या पोराच्या मनात काय शिजत होते, हे कळतच नाही.

अखेर दोघेही पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतात. त्यांची खरी नावे आपल्याला मरणानंतर, बातमीतून कळतात. ते छायाचित्र भिंतीवर रंगवले जाते.

प्रस्थापितांच्या पडद्याने शोषितांना विद्रूपच दाखवले, त्यामुळे देखणेपणाची ही भूक मला समजते. पण मरण देखणे केले की मारणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारायचा राहून जातो. आपल्या वस्त्यांतील फलकांवरही नामांतराच्या लढ्यातील हुतात्म्यांची चित्रे आहेत. ती माणसे काय वाचत होती, कशासाठी भांडत होती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हा चित्रपट पाहून निदान तेवढा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.