वॉटसन हॉटेल : भिंत आणि सांगाडा

अंजनवेलच्या गोपाळगडाची जांभ्याची तटबंदी आपला भार आपणच वाहते. तिची उंची तिच्या जाडीवर अवलंबून आहे. मुंबईत हे बंधन वॉटसन हॉटेलात (१८६७-६९) सैल झाले. रोलंड मेसन ऑर्डिश याच्या या पाच मजली वास्तूचा भार इंग्लंडात घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर आहे. विटांची भिंत केवळ मधली पोकळी भरते. साहजिकच तिला शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीची (१८८५) पूर्वज म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ओतीव लोखंड दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. जेनीच्या दहा मजल्यांना वरच्या भागात पोलादाची जोड होती. तथापि जेनीने सांगाडा दगडविटांच्या वेष्टनात झाकला. वॉटसनचे खांब मात्र रस्त्यावरून दिसतात, आणि हे धाडस मला अधिक मोलाचे वाटते.

शिकागोची इमारत १९३१ साली पाडण्यात आली. वॉटसनची उभी आहे, पण २००५ साली तिचा काही भाग कोसळला. येथे सांधे गंजले तर भिंत साहाय्यास येणार नाही, हे दुरुस्तीचा विचार करणाऱ्यांनी प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.