तरंगलांबीचे गणित आणि भिवंडीचा माग

रेडिओतरंगाची वारंवारता दिली आहे, तरंगलांबी काढा. हा प्रश्न वर्षानुवर्षे असाच येतो. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र लिहायचे, भागाकार करायचा, दोन गुण मिळवायचे. आमची तक्रार अशी, की यात भागाकार शिकवला जातो. तरंग बाजूलाच राहतो.

558 किलोहर्ट्झ घ्या. मुंबई आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम अनेक वर्षे याच आकड्यावर ऐकले गेले. सेकंदाला 30 कोटी मीटर हा वेग 5,58,000 ने भागला, की सुमारे 538 मीटर येतात. ‘किलो’ विसरला तर उत्तर 538 किलोमीटर! म्हणजे एकच तरंग मुंबईहून नांदेडच्याही पुढे. तरीही मुले निर्धास्तपणे उत्तराखाली दोन रेघा मारतात, कारण उत्तर कशाशी ताडून पाहायचे हे पुस्तक सांगतच नाही.

भिवंडीच्या शिक्षकाजवळ तर यंत्रमागच आहे. धोटा समजा मिनिटाला 150 वेळा आडवा जातो आणि कापडात इंचाला 50 पिके पडतात. मग मिनिटाला 3 इंच कापड गुंडाळले जाते. दर मिनिटाची पिके गुणिले दोन पिकांतले अंतर, म्हणजे कापडाचा वेग. सूत्र तेच.

पण येथेच थांबू नये. माग जोरात चालवला तर चक्रांच्या जोडणीमुळे कापडही तितकेच जलद सरकते, अंतर बदलत नाही. रेडिओतरंगाचे तसे नाही. हवेत त्याचा वेग ठरलेला. वारंवारता वाढली, की तरंगलांबीच आखडते. केबलमध्ये शिरल्यावर वेग घटतो, वारंवारता तीच राहते, म्हणून तेथेही लांबीच कमी होते. तीन राशींपैकी कोणती स्थिर आहे आणि का, हा खरा प्रश्न. पुस्तकांतून तोच गाळलेला असतो.

पडताळा पाहायचा तर 107.1 मेगाहर्ट्झवरील मुंबईचे एफएम केंद्र घ्यावे. तरंगलांबी 2.8 मीटर, तिचा चौथा भाग 70 सेंटिमीटर. रेडिओची ओढून लांब करायची एरियल मुलांना पट्टीने मोजू द्यावी. ती बहुधा याच्या आसपास भरते. 558 किलोहर्ट्झसाठी हाच चौथा भाग 134 मीटर होईल. मग खिशातला रेडिओ ते केंद्र कसे पकडत असे? जुना संच उघडून आतली फेराइटची कांडी आणि तिच्यावरचे वेटोळे दाखवावे.