लग्नाची बेडी, मुक्काम दिल्ली

'लग्नाची बेडी' म्हटलं की आपल्याला अत्र्यांचं १९३६ सालचं नाटक आठवतं. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी, १८६१च्या सुमाराला, दिल्लीत बल्लीमारानमध्ये राहणाऱ्या मिर्झा गालिबने या बेडीचं सगळं दफ्तरच एका खासगी पत्रात मांडून ठेवलं होतं. पत्र लोहारूच्या अलाउद्दीन अहमद खान 'अलाई'ला लिहिलेलं. अलाई हा गालिबच्या बायकोच्या, उमराव बेगमच्या, चुलतभावाचा मुलगा. म्हणजे आत्याची तक्रार थेट भाच्याकडे!

पत्रात गालिब स्वतःला कैदी ठरवतो. जन्म झाला म्हणजे आपण या जगाच्या कोर्टात हजर झालो. तेरा वर्षं कच्च्या कैदेत गेली. मग हिजरी १२२५च्या रज्जब महिन्याच्या सात तारखेला जन्मठेप सुनावली गेली, म्हणजे १८१० साली लग्न झालं. पायात बेडी पडली, तुरुंग म्हणून दिल्ली शहर नेमून दिलं आणि गद्य-पद्य लिहिण्याची सक्तमजुरी लागली. पुढे कैदी पळाला, पूर्वेकडे कलकत्त्याला भटकला, पकडून परत आणला गेला. या वेळी दोन हातकड्याही चढल्या. त्यानंतर बेडी घरी ठेवून, हातकड्यांसकट तो मेरठ-मुरादाबादवरून रामपूरला फरार झाला आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा गजाआड.

मौज आहे ती भाषेच्या कोरडेपणात. कुठे हुंदका नाही, विशेषणांची आरास नाही. तारखा, शिक्षा, फरारी, अटक असा सगळा कचेरीतल्या कारकुनाचा थाट. लिहिणाऱ्याने मात्र खरा तुरुंगही पाहिलेला. १८४७ साली जुगाराच्या आरोपावरून गालिब महिनोन्‌महिने कैदेत होता. त्या कैदेला या यादीत जागा नाही. शिक्षा म्हणून नोंदवण्याजोगा त्याला संसारच वाटला!

आणि हातकड्या? ती होती दोन पोरं. गालिबला सात मुलं झाली, एकही जगलं नाही. उमराव बेगमच्या भाच्याला, झैनुल आबिदीन खान 'आरिफ'ला, त्याने मुलगा मानलं. तोही १८५२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याचे बाकिर अली आणि हुसेन अली हे दोघे गालिबच्या पदरात आले. त्याच वर्षी शिष्य हरगोपाल 'तफ्ता'ला लिहिलेल्या पत्रात ही पोरं साक्षात भेटतात. ती धड जेवू देत नाहीत, अनवाणी पायांनी बिछान्यावर चढतात, कुठे पाणी सांडतात, कुठे धूळ उडवतात. हे सगळं सांगायचं कारण काय, तर तफ्ताला संकोच वाटत होता की, आपल्या कविता तपासून गुरुजी कंटाळत असतील. गालिबचं उत्तर असं : तू मुलगा, तेव्हा तुझ्या कविता माझी नातवंडं. ही हाडामांसाची नातवंडं सोसतो, तर ती का जड होतील? एका वाक्यात शिष्याची समजूत निघते आणि आरिफच्या दुःखाचा उच्चारही न करता ते घरभर नाचणाऱ्या धुळीच्या पावलांतून दिसतं. रामपूरहून तो परतला तोही याच पोरांनी नाकी नऊ आणले म्हणून. त्यांना एकटं धाडायला जीव धजेना.

प्रेमप्रकरणांतही हीच तऱ्हा. आग्र्याचा मित्र हातिम अली 'मेहर' प्रेयसीच्या मृत्यूने खचला, तेव्हा १८६०च्या सुमाराला गालिबने त्याला दोन पत्रं लिहिली. पहिल्यात तो मित्राला मजनूच्या पंक्तीला बसवतो आणि स्वतःची चाळीसेक वर्षं जुनी जखम उघडतो : तरुणपणी एका डोमनीवर, म्हणजे गाणाऱ्या स्त्रीवर, जीव जडला होता, ती गेली, तिच्या लकबी अजून आठवतात. दुसऱ्या पत्रात सूर पालटतो. साखरेवरची माशी हो, मधावरची नको. बसावं, चाखावं, उडून जावं. स्वर्गात एकाच हूरीबरोबर अनंतकाळ काढायच्या कल्पनेनेही त्याला धसका बसतो. दुसरं पत्र एकटं वाचलं तर माणूस छचोर वाटेल. पहिलं आधी वाचलं की कळतं, हा सल्ला मधात पाय अडकलेल्या माशीचा आहे.

एक उणीव मात्र सलते. आनंदीबाई-गोपाळराव जोश्यांच्या पत्रव्यवहारात बायकोचा आवाज आपल्याला ऐकू येतो. इथे ५८ वर्षांच्या संसारातली उमराव बेगम केवळ नवऱ्याच्या विनोदातून दिसते. 'ऊद-ए-हिंदी' १८६८ साली आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ साली निघालं. त्या पत्रसंग्रहांत बेडीची बाजू कुठेच नाही.

गालिब १५ फेब्रुवारी १८६९ रोजी गेला. वर्षभरातच उमराव बेगमही गेली. निजामुद्दीनला त्याच्या कबरीजवळच तिची कबर आहे.