खोलगट चेहऱ्यांची नजर

बार्सिलोनाला जाणाऱ्या सहलींच्या वेळापत्रकात एक दिवस ठरलेला असतो. सकाळी मोन्सेरातचा डोंगर आणि मठ, दुपारनंतर शहरातल्या वास्तुकार गाउदीच्या इमारती, शेवटी त्याचेच साग्रादा फामिलिया चर्च. ही आखणी निव्वळ सोयीची आहे. डोंगर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, जेवणापर्यंत परतता येते. पण त्या सोयीतून एक सुरेख जुळणी साधली गेली आहे. सकाळी पाहिलेल्या एका शिल्पाचा अर्थ संध्याकाळी लागतो, आणि त्या शिल्पामुळेच साग्रादाची मावळतीकडची, पुष्कळांना आजही न आवडणारी बाजू वाचता येऊ लागते.

मोन्सेरातचे सुळके आणि साग्रादाचे मनोरे सारखे दिसतात, हे प्रत्येक गाइड सांगतो. दिसतात खरे. डोंगराचा दगड म्हणजे प्राचीन नद्यांनी आणून टाकलेले गोटे, चुन्याने एकमेकांना घट्ट चिकटलेले. त्याच्या उभ्या भेगांत पाणी शिरत गेले, कडा झिजून गोल झाल्या आणि बोटांसारखे सुळके उभे राहिले. सर्वांत उंच सुळका १,२३६ मीटरचा. पण गाउदीचे मनोरे भार खाली कसा उतरेल याच्या विचारातून आकाराला आले आहेत. तेव्हा हे साम्य छायाचित्रापुरते ठीक. डोंगर आणि शहर यांना जोडणारा खरा धागा माणसांच्या हातून गेलेला आहे. फ्रान्सिस्को दे पाउला देल व्हिलार हा वास्तुकार मोन्सेरातच्या चर्चमध्ये मेरीच्या मूर्तीमागच्या दालनाचे काम करत होता, तेव्हा तरुण गाउदी त्याच्या हाताखाली होता. याच व्हिलारच्या आराखड्यावर १८८२ मध्ये साग्रादाचा पहिला दगड बसला. वाद झाला, तो बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी काम आले एकतीस वर्षांच्या गाउदीकडे. हा धागा पुढे नेणारा दुसरा माणूस गाउदीच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९२७ मध्ये, जन्मला. तो शिल्पकार जुझेप मारिया सुबिराक्स. हा दिवस खरा त्याचा आहे.

मठात आधी सगळे रांगेत उभे राहतात ते मोरेनेतासाठी. बाराव्या शतकातली, जेमतेम तीन फुटांची ही लाकडी मूर्ती म्हणजे बाळ येशूला मांडीवर घेऊन बसलेली सावळी मेरी. १८८१ पासून ती कातालोनियाची अधिकृत संरक्षक देवता. तिला काचेआड ठेवले आहे, पण उजव्या हातातला गोल काचेबाहेर आहे आणि भाविक त्याला हात लावून पुढे सरकतात. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग धरलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावे लागत नाही. तेच क्षणभराचे टेकणे, तीच मागून येणारी घाई. १०२५ च्या सुमारास मठाधिपती ओलिबाने स्थापलेला हा मठ नेपोलियनच्या फौजांनी १८११-१२ मध्ये उद्ध्वस्त केला. आज दिसणारे बरेचसे बांधकाम नंतरचे आहे. मूर्ती मात्र तेव्हाही वाचली. दर्शनानंतर जमलेच तर एस्कोलानियाच्या मुलांचे गाणे ऐकावे. युरोपातल्या सर्वांत जुन्या बालगायनवृंदांत त्याची गणना होते.

आणि मग चौकात या. इथे सुबिराक्सचा सांत जोर्दी, म्हणजे संत जॉर्ज, उभा आहे. १९८६ चे काम. कातालान लोकांचा हा लाडका संत बहुधा घोड्यावर बसून, भाला उगारून, ड्रॅगनला लोळवताना दाखवतात. सुबिराक्सने घोडा काढला, ड्रॅगन काढला, आवेशही काढला. ताठ उभे, कोरडे शरीर ठेवले आणि चेहरा दगडात आत कोरला. नाक बाहेर यायला हवे तिथे खळगा आहे. समोरून हे चटकन ध्यानात येत नाही. चार पावले डावीकडे जा, चेहरा तुमच्याकडे वळतो; उजवीकडे या, तो पुन्हा मागे येतो. चेहरा म्हटला की तो फुगीरच असणार, असे आपला मेंदू गृहीत धरून बसलेला असतो. खोलगट चेहऱ्यावरच्या सावल्या आणि कडा आपण चालू लागताच उलट्या सरकतात. त्या सरकण्याचा मेंदूला लागणारा अर्थ एकच, की हा माणूस मान वळवतो आहे. पर्यटक हसत फेऱ्या मारतात, व्हिडिओ काढतात. गंमत आहेच. पण आतल्या मूर्तीला आपण हात लावून आलो, आणि या मूर्तीला लावायला चेहराच नाही. आहे ती फक्त तिची नजर, तीही आपणच हालचाल करून तिला दिलेली. भाविकाच्या सहभागावर याहून नेमके शिल्प मला आठवत नाही.

परतीच्या वाटेवरची कासा बात्यो आणि कासा मिला ही गाउदीची घरे बाहेरूनच पाहावीत. कासा मिलाच्या गच्चीवरच्या, शिरस्त्राणे घातल्यासारख्या धुराड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. ती पुढे भेटणार आहेत.

साग्रादाची उगवतीकडची बाजू येशूच्या जन्माची. ती गाउदीच्या हयातीत आकाराला आली आणि पाने, पक्षी, कासवे, वाजंत्री यांनी गजबजलेली आहे. सगळ्यांना ती आवडते. मावळतीची बाजू येशूच्या यातनांची. ती रखरखीत, हाडांसारखी दिसावी, पाहणाऱ्याला धडकी भरावी, अशीच गाउदीची १९११ ची कल्पना होती. १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने तो गेला. १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत त्याची कार्यशाळा जाळली गेली, प्लास्टरची प्रतिरूपे फुटली. सुबिराक्सने १९८७ मध्ये इथले शिल्पकाम सुरू केले ते एका अटीवर: गाउदीची नक्कल करणार नाही. शहरात निदर्शने झाली. कोनाकोनांत तोडलेले चेहरे आणि क्रूसावरचा नग्न येशू लोकांना सहन होईनात.

शिल्पे खालून डावीकडून सुरू होऊन नागमोडी वर चढतात. अखेरचे भोजन, जूदासचे चुंबन, त्याच्या शेजारी चार बाय चारचा आकड्यांचा चौकोन. ओळी, स्तंभ, कर्ण, कसेही मिळवा, बेरीज ३३, म्हणजे येशूचे वय. आकडे जुळवण्यात तिथे बराच वेळ जातो; मला हा चौकोन शिल्पकाराच्या हुशारीचे प्रदर्शन वाटतो, त्याहून जास्त काही नाही. नजर मधल्या ओळीवर न्या. कासा मिलाच्या धुराड्यांसारखी शिरस्त्राणे घातलेले सैनिक दिसतील. एका कडेला गाउदी स्वतः उभा आहे, साक्षीदार म्हणून. या सगळ्यांच्या मध्यभागी येशूचा घाम टिपलेले वस्त्र धरून व्हेरोनिका आहे. तिला चेहराच दिलेला नाही, गुळगुळीत दगड आहे. चेहरा आहे तो वस्त्रावर उमटलेल्या येशूचा, आणि तो मोन्सेरातच्या सांत जोर्दीसारखा आत कोरलेला आहे. सरकून पाहा. तोही मागे येतो.

तेच तंत्र, पण परिणाम पार वेगळा. डोंगरावर नजर संरक्षकाची होती, हवीशी वाटणारी. इथे ती मरणाच्या वाटेवर नेल्या जाणाऱ्या माणसाची आहे, आणि पाहणारा गर्दीतला एक बघ्या ठरतो. सैनिकांचे चेहरेही शिरस्त्राणांत हरवलेले. ज्याचा जीव घेतला जातो आहे त्याला तेवढी नजर, बाकी सगळे आंधळे, अशी ही मांडणी आहे. गोंडस शिल्पांनी हे साधले नसते. सुबिराक्सचा रांगडेपणा गाउदीशी विसंगत आहे, हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही; गाउदीला हवी होती ती धडकी त्याने गाउदीचे एकही पान न उचलता आणली.

तेव्हा क्रम बदलू नका. मठ आधी, साग्रादा नंतर. साग्रादाचे तिकीट आगाऊ आणि उशिरा दुपारचे काढा. त्या वेळी पश्चिमेच्या काचांतून लाल-नारिंगी उजेड आतल्या झाडांसारख्या खांबांवर पडतो. आणि बाहेर पडताना व्हेरोनिकासमोरून दोनदा तरी चालून जा.